खडू किंचाळतो, व्हायोलिन गातं!

मुलांनो, वर्गात बाई किंवा गुरुजी फळ्यावर लिहीत असतात. सगळा वर्ग चिडीचूप. आणि अचानक खडू किंचाळतो, किर्रर्र! कुणी कानांवर हात ठेवतं, कुणी दात आवळतं, मागच्या बाकावरून खुसखुस ऐकू येते. खरं की नाही? मी स्वतः प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. त्यामुळे हे किंचाळणं माझ्या रोजच्या ओळखीचं!

आता मी तुम्हाला सांगितलं, की खडू ज्या कारणानं किंचाळतो, अगदी त्याच कारणानं व्हायोलिन गातं, तर तुमचा विश्वास बसेल? माझाही बसला नव्हता. पण एका आजोबांनी मला ते पटवून दिलं. त्यांचीच ही गोष्ट, आणि गजाचीही.

गज म्हणजे हत्ती नव्हे हं! खिडकीचे गज असतात तेही नव्हेत, आणि कापड मोजायचा गजही नव्हे. आपला गज वेगळाच. व्हायोलिन, सारंगी, दिलरुबा ही वाद्यं ज्या काठीनं वाजवतात, ती केस ताणून बसवलेली लांब काठी म्हणजे गज. इंग्रजी शिकवणारे लोक त्याला ‘बो’ म्हणतात. बो म्हणजे धनुष्य. नाव अगदी योग्य आहे, कारण पूर्वीचे गज धनुष्यासारखेच वाकडे असत.

भिंतीवरचं व्हायोलिन

तीन वर्षांपूर्वी मी वर्गाला निबंध घातला होता, ‘माझ्या घरातली आवडती वस्तू’. कुणी सायकल लिहिली, कुणी टीव्ही, एकानं तर चक्क लोणच्याची बरणी लिहिली. एका मुलीनं मात्र चारच ओळी लिहिल्या होत्या. “आमच्या घरात भिंतीवर व्हायोलिन आहे. ते आजोबांचं आहे. आजोबांचा डावा हात चालत नाही म्हणून ते कुणी वाजवत नाही. बाबा म्हणतात, आता ते देऊन टाकू.”

निबंधाला मी दहापैकी पाच गुण दिले, आणि संध्याकाळी तिच्या घरी गेले. आजोबा खाटेवर बसले होते. तरुणपणी त्यांनी संगीत नाटकांना आणि भजनांना व्हायोलिनची साथ केली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं नीट राहिलं, पायही हळूहळू चालू लागला, पण डाव्या हाताची बोटं काही उठेनात. आणि व्हायोलिनच्या तारा दाबायच्या त्या डाव्याच हातानं!

मी हळहळले. तर आजोबा म्हणाले, “बाई, सगळे डाव्या हातासाठी रडतात. पण डावा हात फक्त सांगतो, की सा वाजवायचा का रे. तो गोड वाजणार की बेसूर, मोठा की हळू, हसरा की रडवा, हे सगळं उजवा हात ठरवतो. व्हायोलिनचा गळा उजव्या हातात असतो. तो माझा शाबूत आहे. शिकणारं कुणी मिळतंय का, तेवढं बघा.”

शिकणाऱ्या दोघीजणी जागच्या जागी मिळाल्या. एक त्यांची नात, आणि दुसरी मी! मला लहानपणापासून व्हायोलिन शिकायचं होतं, पण राहून गेलं होतं. मुलीचे बाबा म्हणाले, “ठीक आहे. सहा महिने बघू. नाही जमलं तर गिऱ्हाईक आलेलंच आहे.” घर लहान, औषधांचा खर्च मोठा. त्यांचंही काही चुकत नव्हतं.

आवाजच येईना!

व्हायोलिन खाली काढलं. गजाचे केस किड्यांनी खाल्ले होते. बाबा शहरातून नवे केस बसवून घेऊन आले. हे केस असतात घोड्याच्या शेपटीचे. व्हायोलिनच्या एका गजात साधारण दीडशे ते दोनशे केस असतात. ते शेजारी शेजारी पट्टीसारखे बसवलेले असतात. मुठीकडे एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की केस ताणले जातात. सबंध गजाची लांबी सुमारे ७५ सेंटिमीटर, आणि वजन अवघं ६० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका मध्यम आकाराच्या अंड्याएवढं!

मी ऐटीत गज उचलला, तारेवर ठेवला आणि ओढला. काय झालं असेल? काहीच नाही! अगदी पुसटशी सुळसुळ. पुन्हा ओढला. पुन्हा तेच. मला वाटलं, वाद्य बिघडलं. आजोबा मात्र पोट धरून हसत होते. त्यांनी पेटीच्या कप्प्यातून मधाच्या रंगाचा एक काचेसारखा खडा काढला. म्हणाले, “राळ लावा, राळ!”

राळ म्हणजे रोझिन. चीड, पाइन अशा झाडांच्या खोडाला खाच पाडली, की चिकट रस पाझरतो. त्यातून टर्पेंटाईन काढून घेतलं, की मागे जे घट्ट उरतं, ती ही राळ. केसांवर ती घासली, की तिची बारीक पूड केसांना चिकटते. आम्ही दोघींनी आळीपाळीनं दहा मिनिटं राळ घासली. मग गज ओढला, आणि काय सांगू! म्हैस ओरडावी तसा का होईना, पण आवाज आला!

राळेनं असं काय केलं? चला, तेच पाहू.

पकड आणि सोड

आधी एक प्रयोग करा. कंपासपेटीला एक रबर बँड अडकवा. पेटी टेबलावर ठेवा आणि रबराचं टोक धरून अगदी हळूहळू ओढा. काय दिसतं? आधी पेटी हलतच नाही, नुसतं रबर ताणलं जातं. मग एकदम पेटी झटक्यात पुढे येते आणि थांबते. पुन्हा रबर ताणतं, पुन्हा झटका. तुम्ही ओढताय एकसारखं, पण पेटी चालते थांबत थांबत!

असं का होतं? थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो. एकदा ती घसरू लागली, की घर्षण कमी होतं. म्हणून ती धरते, सुटते, पुन्हा धरते, पुन्हा सुटते. फळ्यावरचा खडूही हेच करतो. धर-सोड, धर-सोड, आणि तेही सेकंदाला शेकडो वेळा. त्याचंच आपल्याला ‘किर्रर्र’ ऐकू येतं. दाराची बिजागरी करकरते तीही अशीच.

आता व्हायोलिन. राळ लावलेले केस तारेला पकडतात आणि आपल्याबरोबर ओढत नेतात. तार ताणली जाते. मग पकड सुटते, तार झटकन मागे घसरते. लगेच केस तिला पुन्हा पकडतात. राळेची गंमत हीच. तार थांबलेली असताना राळ तिला घट्ट धरते, आणि घसरायला लागली की पकड सैल होते. नव्या कोऱ्या केसांवर राळ नव्हती, म्हणून पकड नव्हती. म्हणून माझं व्हायोलिन मुकं!

मग खडू किंचाळतो आणि व्हायोलिन गातं, हा फरक कसा? खडूची धर-सोड कशीही, वेडीवाकडी. व्हायोलिनची धर-सोड मात्र तार स्वतः शिस्तीत चालवते. एक लांब दोरी खिडकीला बांधा आणि दुसरं टोक धरून एक झटका द्या. दोरीवरून एक उंचवटा धावत जातो, खिडकीला आपटून परत येतो. गज फिरत असताना तारेवरही असाच एक कोपरा इकडून तिकडे धावत असतो. तो गजापाशी आला, की पकड सोडवतो. परत आला, की पकड बसवतो. जणू पीटीच्या सरांची शिट्टीच! तारेच्या लांबीवर, जाडीवर आणि ताणावर ठरतं, की हा कोपरा सेकंदाला किती फेऱ्या मारणार. तोच आपला सूर.

हा धावता कोपरा डोळ्यांना दिसत नाही. तो ओळखला हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं. ध्वनीवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक १८६३ साली निघालं.

थोडं गणित करू या. व्हायोलिनच्या चार तारांपैकी एक तार पाश्चात्त्य पद्धतीत सेकंदाला ४४० कंपनं होतील अशी लावतात. म्हणजे एका सेकंदात ४४० वेळा धर आणि ४४० वेळा सोड! गज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायला ४ सेकंद लागले, तर किती वेळा? ४४० गुणिले ४, म्हणजे १७६०. गजाचे केस सुमारे ६५ सेंटिमीटर. आता भागाकार करा पाहू. प्रत्येक वेळी गज अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी सरकतो. एवढं बारीक काम, आणि ते करतो आपला हात!

वेग, दाब आणि जागा

आजोबांनी पहिल्या दिवशी तीन शब्द पाठ करून घेतले. वेग, दाब, जागा. गजाची सगळी विद्या या तीन शब्दांत आहे, असं ते म्हणत.

वेग म्हणजे गज किती भरभर ओढायचा. वेग वाढवला, की आवाज मोठा होतो.

दाब म्हणजे गज तारेवर किती जोरानं टेकवायचा. फार कमी दाब दिला, तर तार पुरती पकडलीच जात नाही, आवाज पोकळ, शिट्टीसारखा येतो. फार जास्त दिला, तर तार वेळेवर सुटतच नाही. मग ‘खर्रर्र’. माझा हात फळा पुसून पुसून कडक झालेला. त्यामुळे पहिले कित्येक दिवस माझं व्हायोलिन फक्त खरखरत होतं.

जागा म्हणजे गज तारेवर कुठे ठेवायचा. तारा ज्या लाकडी तुकड्यावरून जातात, त्याला घोडी म्हणतात. गज घोडीच्या जवळ नेला, तर आवाज धारदार होतो, पण दाबही जास्त लागतो. घोडीपासून लांब, काळ्या पट्टीकडे नेला, तर आवाज मऊ, दूरवरून आल्यासारखा होतो.

तिन्ही गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या. एक बदलली, की बाकीच्या दोन्ही सांभाळाव्या लागतात. आईला पोळी लाटताना पाहा. लाटणं किती जोरानं, किती भरभर आणि पोळीच्या कुठल्या कडेवर फिरवायचं, हे ती मोजते का? हाताला कळतं. तसंच हे.

आणि मुलांनो, या गोष्टींचा शास्त्रीय अभ्यास कुणी केला असेल? आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी! १९०७ साली ते कलकत्त्याला सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी म्हणून रुजू झाले. दिवसभर कचेरीचं काम, आणि कचेरीच्या आधी आणि नंतर ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत प्रयोग. गजानं वाजणारी तार कशी हलते, यावर त्यांनी १९१८ साली एक मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी यंत्रानं व्हायोलिन वाजवण्याची सोय केली. का बरं? माणसाचा हात दर वेळी अगदी सारखा चालत नाही. यंत्र चालतं. त्यामुळे वेग, दाब आणि जागा एकेक करून बदलता आणि मोजता येते. गज घोडीजवळ नेला की दाब जास्त का लागतो, हे रामन आकड्यांत दाखवू शकले. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं ते प्रकाशाच्या संशोधनासाठी. २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो, तो त्याच शोधाच्या आठवणीसाठी. पण त्याच्या आधी रामन व्हायोलिनच्या तारेत रमले होते, हे लक्षात ठेवा हं.

चिमणीचं पिल्लू

गज धरायचा कसा? मुठीत आवळायचा नाही. अंगठा किंचित वाकवून खाली, त्याच्यासमोर मधली बोटं, पहिलं बोट काठीवर टेकलेलं आणि करंगळी काठीच्या वर अलगद. आजोबा म्हणत, “हातात चिमणीचं पिल्लू आहे असं समज. आवळलंस तर गुदमरेल, सैल सोडलंस तर पडेल.” तुम्हीही पेन्सिल घेऊन हे करून पाहा. करंगळी लगेच दुखेल. तिला सवय नसते ना!

पहिलं बोट आणि करंगळी ही जणू तराजूची दोन पारडी आहेत. मुठीकडे गज जड लागतो, तिथे करंगळी त्याचं वजन तोलते. टोकाकडे गेलं, की गज हलका होतो आणि आवाज बारीक पडतो. तिथे पहिल्या बोटानं हळूच दाब वाढवायचा. म्हणजे सबंध गजभर आवाज एकसारखा ऐकू येतो.

सगळ्यात कठीण काय? गज सरळ चालवणं! गज आणि तार यांच्यात नेहमी काटकोन हवा. ऐकायला सोपं वाटतं. पण आपला हात खांद्यापाशी जोडलेला, तो फिरतो गोल. म्हणून गज सरळ न्यायला खांदा, कोपर आणि मनगट तिघांनी आपापलं काम वेळेवर करावं लागतं. आजोबांनी आम्हाला वर्तमानपत्राची सुरळी करून दिली. ती डाव्या हातानं धरायची आणि उजव्या हातानं तिच्यातून पट्टी आत-बाहेर करायची. सुरळीला धक्का लागला, की हात वाकडा! शिवाय भिंतीवर एक आरसा लावला. मी चौथीला काटकोन शिकवते, पण माझ्या स्वतःच्या हातून काटकोन व्हायला सहा आठवडे लागले.

आणखी एक नियम. वाजवून झालं, की स्क्रू फिरवून केस सैल करायचे. नाहीतर काठी सतत ताणात राहून वाकते. केसांना बोटंही लावायची नाहीत, कारण बोटांच्या तेलकटपणानं राळेची पकड जाते. एकदा मी गज सैल न करताच पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी आजोबांनी मला, म्हणजे चौथीच्या बाईंना, अंगठे धरून उभं करायचंच काय ते बाकी ठेवलं!

घोडेस्वारांपासून आपल्यापर्यंत

केस घोड्याचेच का? अनेक अभ्यासकांच्या मते गजानं तार वाजवण्याची कल्पना साधारण दहाव्या शतकात मध्य आशियात पसरली. तिथले लोक घोड्यावर वाढलेले. हाताशी धनुष्य आणि घोड्याची शेपूट, दोन्ही होतं! तिथून गज चीनमध्ये गेला, अरबस्तानात गेला, युरोपात पोहोचला. मंगोलियात आजही ‘मोरिन खूर’ नावाचं वाद्य वाजवतात. त्याच्या डोक्यावर लाकडात कोरलेला घोडा असतो. चीनच्या ‘अरहू’ला दोनच तारा, आणि गजाचे केस त्या दोन तारांच्या मध्येच अडकवलेले. म्हणजे गज वाद्यापासून वेगळा करताच येत नाही. हरवायची भीती नाही!

राजस्थानात ‘रावणहत्था’ वाजवतात. नारळाच्या करवंटीचं वाद्य, आणि त्याच्या गजाला घुंगरं बांधलेली. गज हलला, की सुराबरोबर तालही मिळतो. सारंगीचा गज जाड आणि वजनदार. तो तळहात वर करून धरतात. उदयपूरचे पंडित राम नारायण (१९२७–२०२४) पुढे मुंबईला राहिले आणि गायकाच्या मागे बसणाऱ्या सारंगीला त्यांनी मैफिलीत स्वतंत्र मान मिळवून दिला.

व्हायोलिनच्या गजाला आजचा आकार दिला पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्त यांनी. लहानपणी ते घड्याळजीचं काम शिकले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी गजाची काठी केसांच्या बाजूला, म्हणजे आतल्या बाजूला वाकवली. त्यामुळे गजाला लवचीकपणा आला आणि टोकापर्यंत ताकद पोहोचली. त्यासाठी लाकूड वापरलं ते ब्राझीलमधल्या पर्नांबुको झाडाचं. हे झाड तोडून तोडून इतकं कमी झालं, की २००७ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. आता कार्बन फायबरचे गजही मिळतात.

आपल्याकडे कर्नाटक संगीतात व्हायोलिन आणलं ते एकोणिसाव्या शतकात, बालुस्वामी दीक्षितर यांनी. आपले वादक मांडी घालून बसतात, आणि व्हायोलिनचं टोक उजव्या पावलाजवळ टेकवतात. त्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि मींड सहज घेता येते. मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाणं. अशा वेळी गज थांबला, तर मींड तुटलीच! गायकाला जसा श्वास, तसा वादकाला गज. श्वास कुठे घ्यायचा हे गायक ठरवतो, गज कुठे वळवायचा हे वादक ठरवतो.

प्रभाकर जोग (१९३२–२०२१) यांचं व्हायोलिन आजी-आजोबांना विचारा. ते मराठी गाणी अशी वाजवत, की शब्द ऐकू आल्यासारखे वाटत. शब्दाच्या प्रत्येक अक्षरावर गजाला हलकासा ठोका किंवा वळण मिळालं, की ही जादू होते. म्हणूनच त्यांच्या वादनाला ‘गाणारं व्हायोलिन’ हे नाव मिळालं.

गोव्यात तर चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन शिकवण्याची जुनी परंपरा. तिथले कितीतरी वादक मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आले. त्यांतले अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातल्या प्रसिद्ध गाण्यात त्यांचंच नाव आहे! वाद्यवृंद पाहायला मिळाला, तर एक गोष्ट नक्की पाहा. सगळ्या व्हायोलिनवाल्यांचे गज एकाच वेळी ओढले जातात आणि एकाच वेळी ढकलले जातात. शाळेच्या कवायतीसारखे! ते आधी ठरवून कागदावर खुणा करून ठेवलेलं असतं.

एकच सा

आता पुन्हा आजोबांच्या घरी जाऊ. तीन महिने आम्ही फक्त मोकळ्या तारा वाजवल्या. बोटं न लावता, नुसता गज. ओढा, ढकला. एका गजाला दहा सेकंद. मुलगी कंटाळली. शेजारच्या मुलांना पेटीवर गाणी येत होती, हिला एकही नाही. तिची आई मला म्हणाली, “बाई, रोज नुसतं क्रँव क्रँव चालतं. गाणं कधी यायचं?” मला उत्तर देता आलं नाही. मलाही तोच प्रश्न पडला होता.

चौथ्या महिन्यापासून आजोबांनी तोंडी सांगून तिला बोटं शिकवायला सुरुवात केली. “पहिलं बोट थोडं वर... हां, तिथे.” तिचे कान चांगले होते, बोटं पटकन जागेवर पडू लागली. पण बोटं लावली, की गज थरथरायचा. दोन्हींकडे लक्ष पुरेना. एके दिवशी ती गज ठेवून उठलीच. “मला नाही येणार. बाबांना सांगा देऊन टाकायला.”

आजोबा काही बोलले नाहीत. खाटेवरून हळूहळू उतरून तिच्या उजव्या बाजूला खाली बसले. म्हणाले, “व्हायोलिन तू धर. बोटं तू लाव. गज मी चालवतो.”

आणि मुलांनो, त्या घरात दोन वर्षांनंतर व्हायोलिन वाजलं. तिची बोटं, त्यांचा गज. भूपातले साधे पाच स्वर. पण तोच सूर, जो तिच्या हातून किरकिरत होता, आता भरून, संथ, गोल येत होता. बोटं तीच, वाद्य तेच. बदलला होता फक्त उजवा हात. मी आजवर ऐकलेलं ‘गळा उजव्या हातात असतो’ हे वाक्य मला त्या दिवशी खरं कळलं. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेल्या हातांनी उभी होती.

मग आजोबांनी गज नातीच्या हातात दिला. “आता तू. बोटं नकोत. नुसता सा.” तिनं गज ठेवला आणि ओढला. मी मनात मोजत होते. एक, दोन, तीन... आठपर्यंत. मधे कुठेही तुटला नाही. तीन महिन्यांच्या क्रँव क्रँवमधून तो एक सा तयार झाला होता.

बाबा कधी आले होते कुणास ठाऊक. त्यांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि आजोबांना एवढंच म्हणाले, “राळ संपत आली असेल तर सांगा. परवा शहरात जाणारच आहे.”

सहा महिन्यांचं पुढे कुणी नावच काढलं नाही.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, तुमच्या मुलानं गजाचं वाद्य हाती घेतलं, तर सुरुवातीचे महिने घरात बेसूर आवाज येणारच. पेटीची पट्टी दाबली की सूर तयार मिळतो. इथे प्रत्येक सूर हातानं घडवावा लागतो. तेव्हा ‘गाणं कधी येणार’ असं रोज विचारू नका. त्याऐवजी विचारा, “आज गज किती सेकंद चालला?” मूल मोजून सांगेल, आणि उद्या एक सेकंद वाढवेल. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत. आणि वाद्य मुलाच्या मापाचं घ्या. लहान मुलांसाठी अर्ध्या, पाव मापाची व्हायोलिनं आणि तसेच गज मिळतात.

आणि मुलांनो, तुमच्याकडे व्हायोलिन नसलं म्हणून काय झालं? काचेच्या ग्लासात थोडं पाणी घ्या, बोट ओलं करा आणि ग्लासच्या काठावरून हलकेच गोल फिरवा. पातळ काचेचा ग्लास असेल, तर तो गाऊ लागेल. तीच धर-सोड! दाब कमी-जास्त करून पाहा, वेग बदलून पाहा. तुमचं बोट म्हणजे गजच झाला. फक्त ग्लास आईला विचारून घ्या बरं का!

परवा माझ्या वर्गात खडू पुन्हा किंचाळला. सगळ्यांनी कान झाकले. मी खडू मोडून दोन तुकडे केले, कारण आखूड तुकडा सहसा किंचाळत नाही. हेही करून पाहा, आणि का ते शोधून काढा. उत्तर सापडलं, तर मला पत्र पाठवून कळवा. मी ते आजोबांना वाचून दाखवीन. त्यांची नात आता सातवीत आहे, आणि संध्याकाळी भजनाला साथ करायला बसते. माझा गज मात्र अजून टोकाकडे थोडा थरथरतो!